'पायऱ्या' नीट उमटेपर्यंत: परिषदेच्या स्लाइड्स करतानाच्या नोंदी

छत्रपती संभाजीनगरला १५ आणि १६ फेब्रुवारी २०२५ ला एका कॉलेजात दोन दिवसांची परिषद होती आणि त्यात मला बारवांवर, म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येतं अशा जुन्या विहिरींवर, बोलायचं होतं. पंधरा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं प्रश्न. मी सिव्हिल ड्राफ्ट्समन आहे. गेली सात वर्षं सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर जुन्या विहिरी आणि बारवा मोजतो. मापं, नकाशे, फोटो सगळं हाताशी होतं, त्यामुळे स्लाइड्स दोन संध्याकाळींत उरकतील असं धरून चाललो होतो. चार आठवडे गेले. मराठीत स्लाइड्स करून बाहेरगावी बोलायला जाणाऱ्या प्रत्येकाला यातलं काही ना काही आडवं येणार, म्हणून तारखेवार लिहून ठेवतोय.

१८ जानेवारी, शनिवार

कागदावर क्रम लावला. सुरुवात बारव म्हणजे काय इथून. मग 'अपराजितपृच्छा' या ग्रंथातले चार प्रकार: एका बाजूने उतरता येते ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया, चारी बाजूंनी विजया. त्यानंतर साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर, मग परभणी जिल्ह्यातल्या आम्ही मोजलेल्या तीन बारवा, आणि शेवटी पायऱ्यांच्या मापांची तुलना. एकूण २४ स्लाइड्स.

मजकूर नव्याने टाइप करायला नको म्हणून काही वर्षांपूर्वी काढलेल्या आमच्या छोट्या पुस्तिकेची फाइल उघडली. ती गावातल्या डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेली. त्या प्रकारात अक्षरं आतून इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा चेहरा चढवतो. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून पानभर आकडे, कंस आणि तुटक इंग्रजी अक्षरं दिसली. नेटवरच्या एका कन्व्हर्टरमधून सगळा मजकूर युनिकोडमध्ये काढला. दहा मिनिटांत झालं, वरवर पाहिलं, ठीक वाटलं, स्लाइड्सवर चिकटवून झोपलो.

२० जानेवारी, सोमवार

माझी भाची कॉम्प्युटर शिकते, तिला स्लाइड्स पाठवल्या. तिचा फोन: "मामा, पायर्या म्हणजे काय?"

कन्व्हर्टरने 'पायऱ्या'चं 'पायर्या' केलं होतं. य च्या डोक्यावर रफार. माझं अख्खं भाषण पायऱ्यांवर, आणि तो शब्द पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या स्लाइडपर्यंत एकूण ४१ वेळा. 'चौथऱ्यावर'चं 'चौथर्यावर', 'शेतकऱ्यांच्या'चं 'शेतकर्यांच्या', 'वऱ्हाड'चं 'वर्हाड'. एका ओळीत 'डोंगरातल्या दऱ्या' होतं, तिथे 'दर्या' होऊन समुद्र आला होता. शनिवारी रात्री मी हे सगळं वाचलं होतं आणि एकही चूक दिसली नव्हती. आपण लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवतो.

२५ जानेवारी, शनिवार

या चार आठवड्यांतली सगळ्यात महागडी चूक आजची. कंट्रोल आणि एच दाबून सगळ्या फाइलमध्ये 'र्य'च्या जागी 'ऱ्य' भरलं. एका फटक्यात पायऱ्या, चौथऱ्या, शेतकऱ्यां सगळे सरळ झाले. सेव्ह केलं, फाइल बंद केली, चहा प्यायला गेलो.

संध्याकाळी उघडली तर 'कार्य'चं 'काऱ्य', 'सूर्यप्रकाश'चं 'सूऱ्यप्रकाश'. आणि 'अपराजितपृच्छा'च्या स्लाइडवर ग्रंथकर्ते भुवनदेवाचार्य यांचं 'भुवनदेवाचाऱ्य'. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक शाळेत फळ्यावर शिकलोय, आणि बाराव्या शतकातल्या शिल्पशास्त्रकाराला मी स्वयंपाकघरात उभं केलं होतं. फाइल बंद केल्यामुळे अनडू नाही. सकाळची प्रत स्वतःलाच मेल केलेली होती, म्हणून मेहनत वाचली. मधल्या दोन तासांच्या दुरुस्त्या मात्र गेल्या.

मग जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. मुळात रा किंवा री ने संपणाऱ्या शब्दांची वहीत यादी काढली: पायरी, चौथरा, शेतकरी, दरी, गाभारा, किनारा, दुसरा, तिसरा. यांच्या रूपांत 'ऱ्य' येतो. संस्कृतातून आलेल्या कार्य, सूर्य, आचार्य यांना हात लावायचा नाही. यादीतला एकेक पूर्ण शब्द शोधायचा आणि बदलायचा, तुकडा नाही. 'वऱ्हाड' आणि 'बऱ्हाणपूर' वेगळे बघितले. दीड तास लागला.

ज्यांना हे अक्षर हाताने उमटवायचं असेल त्यांच्यासाठी: इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे' (J) ही कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो. पुढे हलन्त आणि य. साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरूनही हाच आकार येतो, पण ते चिन्ह कॉपी-पेस्ट करताना किंवा कन्व्हर्टरमध्ये गळून पडतं आणि पुन्हा रफार येतो. नुक्त्याचा ऱ कुठे गळत नाही. मी आता तोच वापरतो.

शोधून-बदलण्यात न सापडलेल्या दोन जागा नंतर हाती लागल्या: चित्र म्हणून चिकटवलेला एक तक्ता, आणि एक्सेलमधून आणलेल्या आलेखातली नावं. त्या जागा डोळ्यांनीच तपासाव्या लागतात.

२६ जानेवारी, रविवार

फॉन्ट. मी एक डौलदार देवनागरी फॉन्ट उतरवून घेतला होता. मराठी वळणाचा पाकळीवाला ल आणि देठवाला श हवा होता. २००९ च्या शासन निर्णयातही हीच वळणं आहेत, आणि परिषद मराठीत होती. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन भाचीच्या लॅपटॉपवर लावली, तर फॉन्ट वेगळाच. ओळी लांबल्या, तक्त्यातली अक्षरं चौकटीबाहेर गेली, 'विजया'ची ओळ स्लाइडच्या खाली लोंबत होती.

भाची म्हणाली, "मामा, फॉन्ट फाइलमध्ये घालावा लागतो." पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं गेलं की खाली फॉन्ट एंबेड करण्याची खूण आहे. तिथे दोन पर्याय आहेत: फक्त वापरलेली अक्षरं, किंवा सगळी अक्षरं. मी सगळी निवडली, कारण परिषदेच्या ठिकाणी ऐन वेळी एखादा शब्द बदलायचा झाला तर त्यातलं अक्षर फाइलमध्ये असायला हवं.

पुन्हा नेऊन पाहिलं, पुन्हा तेच. याच्यावर तासभर गेला. माझ्याकडच्या फॉन्टच्या फाइलचं शेपूट ओटीएफ होतं, आणि तो पोस्टस्क्रिप्ट प्रकारच्या रेषांचा होता. तसले फॉन्ट पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये बसत नाहीत. टीटीएफ शेपटाचा ट्रूटाइप फॉन्ट लागतो, आणि त्याच्या परवान्यात एंबेड करायची मुभा लागते. मग मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला, खुल्या परवान्याचा 'मुक्त' हा फॉन्ट घेतला. तिसऱ्या खेपेला भाचीच्या लॅपटॉपवर 'पायऱ्या' माझ्याकडे दिसतात तशाच दिसल्या. त्या रात्री बरं वाटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

फोटो. फाइल १६८ एमबी झाली होती, मेलने जाईना. फोटो कमी करण्याच्या खिडकीत सगळ्यात लहान पर्याय, म्हणजे मेलसाठीचा ९६ पीपीआय (इंचाला ९६ ठिपके), निवडला आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. फाइल ११ एमबीवर आली. फोटो तेवढेच छान दिसत होते, फक्त नवव्या स्लाइडवरचा शिलालेख गेला.

हा लिंबच्या विहिरीचा शिलालेख. त्यात विहीर बांधून घेणाऱ्या वीरूबाईंचं नाव आणि शके १६४१ ते १६४६ हा बांधकामाचा काळ आहे, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबात १७१९ ते १७२४. हा फोटो काढायला आम्ही तिसऱ्यांदा गेलो होतो. ऊन डोक्यावर असताना कोरलेली अक्षरं दगडात मिसळून जातात. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडलं की प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली उभी राहते आणि ओळ वाचता येते. त्या सावल्याच पुसल्या गेल्या. दगडावर नुसते डाग दिसत होते.

मूळ फोटो हार्ड डिस्कवर होते, ते पुन्हा घातले. या वेळी २२० पीपीआय ठेवलं, आणि फोटोंचे कापून टाकलेले भाग काढून टाकण्याची खूण केली. आपण फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच दडून असतो, माझ्या १६८ एमबीतला मोठा वाटा त्याचाच होता. 'फक्त या चित्राला' ही खूण काढली, नाहीतर एकच फोटो लहान होतो. आता ३४ एमबी. शिलालेखाच्या स्लाइडवर दुसरं काहीच ठेवलं नाही, शीर्षकही काढून टाकलं. पुढच्या स्लाइडवर तोच फोटो आणि त्याच्याखाली युनिकोडमध्ये वाचन.

मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेले तीन फोटोही बदलले. फोटो म्हणून पाठवले की लहान होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवले की जसेच्या तसे येतात. त्याला पुन्हा पाठवायला लावले.

५ फेब्रुवारी, बुधवार

नकाशे. ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट, आणि तिथेच चुकलो. ऑटोकॅडमध्ये पायऱ्यांच्या रेषा ०.१३ मिमीच्या, राखाडी. कागदावर सुरेख दिसतात. ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत प्रोजेक्टर लावून खिडक्या उघड्या ठेवल्या तर भिंतीवर पायऱ्याच नव्हत्या, फक्त बाहेरची चौकट. कापलेल्या भिंतीच्या रेषा ०.७०, पायऱ्या ०.३५ अशा केल्या, राखाडी सगळा काढून गडद निळा घेतला. चौदा नकाशांना हे करायला अख्खी संध्याकाळ गेली. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी येत नाही, म्हणून मराठी नावं नकाशात न घालता स्लाइडवर वरून लिहिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

परिषदेच्या कॉलेजात फोन केला. तिथल्या मॅडमनी सभागृहातल्या तंत्रज्ञांशी बोलून दिलं. चार प्रश्न विचारले: कॉम्प्युटर कोणता, ऑफिस कोणतं, प्रोजेक्टरला तार कोणती, पडदा कोणत्या आकाराचा. उत्तर: विंडोज १०, ऑफिस २०१३, व्हीजीए, जुना ४:३ चा पडदा, १०२४ गुणिले ७६८. माझ्या स्लाइड्स १६:९ च्या. म्हणजे वर-खाली काळे पट्टे आणि अक्षरं लहान.

हा फोन १८ जानेवारीला केला असता तर सगळ्या स्लाइड्स एकदाच मांडल्या असत्या. आता आकार बदलून २४ च्या २४ पुन्हा सारख्या केल्या. साडेचार तास. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर ३५० रुपयांना घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार

घरच्यांसमोर बोलून पाहिलं. २२ मिनिटं. सात स्लाइड्स काढल्या. त्या फेकल्या नाहीत, शेवटच्या स्लाइडनंतर ठेवल्या. प्रश्न आलाच तर स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबलं की तिथे थेट जाता येतं. दुसऱ्या खेपेला १४ मिनिटं ४० सेकंद.

पायऱ्या उतरतानाची वीस सेकंदांची चित्रफीत भाचीच्या आयफोनवर काढलेली. तिच्या लॅपटॉपवर चालते, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काळी चौकट आणि नुसता पाण्याचा आवाज. फोनने ती एचईव्हीसी या नव्या पद्धतीत साठवली होती. हँडब्रेक या चित्रफिती बदलायच्या प्रोग्राममधून जुन्या एच.२६४ पद्धतीत काढली, चालली. तरी पाठच्या स्लाइडवर त्याच चित्रफितीतली पाच स्थिर चित्रं ठेवली आहेत. ऑफिस २०१३ वर ती चालेल याची खात्री नाही.

एक चाचणीची स्लाइडही केली, सगळ्यात पहिली: चारी कोपऱ्यांत खुणा, मध्ये लिंबच्या विहिरीचा अष्टकोन, एक बारीक रेष, आणि 'पायऱ्या, चौथऱ्यावर, वऱ्हाड, आचार्य' हे चार शब्द. सभागृहात गेल्यावर अर्ध्या मिनिटात सगळं कळावं म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पीडीएफ काढली. ॲडोबी रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टच्या पानावर 'मुक्त'पुढे एंबेडेड लिहिलंय का पाहिलं. लिहिलं होतं. पॉवरपॉइंट आणि पीडीएफ दोन्ही दोन पेनड्राइव्हवर, मेलमध्ये आणि फोनमध्ये. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, पुढे तारीख. पेनड्राइव्ह दोन, ८०० रुपये. संयोजकांना मेल केली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रवास. संध्याकाळी सभागृह बघायला गेलो तर कुलूप. शिपाईमामांनी सांगितलं, उद्या साडेआठला उघडेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साडेआठला पोचलो. माझं भाषण ११ वाजता, दुसऱ्या सत्रात. चाचणीची स्लाइड लावली. कोपऱ्यांच्या चारही खुणा पडद्यात, चारही शब्द बरोबर, पण अष्टकोन उभा ताणलेला. आठही बाजू सारख्या असलेली विहीर भिंतीवर उभट दिसत होती. फाइल ४:३ ची, पडदा ४:३ चा, मग ताणतंय काय? कॉम्प्युटरच १६:९ चं चित्र पाठवत होता आणि प्रोजेक्टर त्याला पडदाभर पसरवत होता. तंत्रज्ञाने कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ केलं, रिमोटवरचं ॲस्पेक्टचं बटण दाबलं, अष्टकोन जागेवर आला. ज्याने आठ बाजूंची विहीर मोजली आहे त्याला ती उभट दाखवणं शक्यच नव्हतं.

खरा धक्का नऊ वाजता बसला. सत्राचा वेळ वाचावा म्हणून स्वयंसेवक मुलांनी आदल्या रात्री सगळ्या वक्त्यांच्या स्लाइड्स एकाच मोठ्या फाइलमध्ये एकामागे एक चिकटवल्या होत्या. हेतू चांगला होता, रात्री एकपर्यंत जागली होती पोरं. पण दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवताना माझ्या स्लाइड्सनी तिथली रंगसंगती घेतली, आणि एंबेड केलेला फॉन्ट मूळ फाइलमध्येच राहिला. पिवळ्या पार्श्वभूमीवर माझे निळे नकाशे, अक्षरं भलत्याच फॉन्टमध्ये, नंदा-भद्रा-जया-विजयाच्या तक्त्यातली शेवटची ओळ गायब. चार बाजूंनी उतरायची बारवच नाहीशी झाली.

त्या मुलाला बाजूला घेऊन दाखवलं. तो म्हणाला, "सर, आता परत जोडायला वेळ नाही." म्हटलं, जोडूच नकोस. डेस्कटॉपवर एक फोल्डर केलं, प्रत्येक वक्त्याची मूळ फाइल आपापल्या क्रमांकाने त्यात ठेवली. एक संपली की पुढची उघडायची, दहा सेकंद लागतात. आणखी दोन वक्त्यांच्या मराठी स्लाइड्स त्या एकत्र फाइलमध्ये बिघडल्या होत्या, त्यांच्याही मूळ फाइल्स मेलमधून काढून घेतल्या. साडेदहापर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो.

चित्रफीत चालली नाही. पाठच्या पाच चित्रांवर गेलो, कोणाचा काही खोळंबा झाला नाही. शिलालेखाच्या स्लाइडवर थांबलो तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी 'शके' इथपर्यंत मोठ्याने वाचलं. तेवढ्यासाठी तीनदा लिंबला गेलो होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकूण खर्च प्रवास सोडून ११५० रुपये. वेळ साधारण ३८ तास. त्यातले अक्षरं, फॉन्ट आणि आकार निस्तरण्यात १८ ते २०.

जेवणाच्या रांगेत परभणीकडचे एक शेतकरी भेटले. माझ्या १४ व्या स्लाइडवरच्या बारवेजवळ त्यांचं रान आहे. म्हणाले, "तुम्ही एकवीस पायऱ्या लिहिल्यात. आमच्या आजोबांच्या वेळी गाळ काढला होता तेव्हा खाली आणखी होत्या." किती, ते त्यांना आठवत नाही. एप्रिलअखेर पाणी उतरतं तेव्हा या, म्हणाले, गाळ काढायला माणसं देतो.

१४ व्या स्लाइडवर '२१ पायऱ्या' याच्या पुढे 'गाळाच्या वर' हे दोन शब्द घातले आणि फाइल पुन्हा सेव्ह केली.